रिकामा पाळणा हलवणारा साहेब

बाळंतपणाच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूनं कसं दिसतं, याचा माझ्याइतका अभ्यास सातारा-सांगलीत दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. उणीपुरी तीस वर्षं मी अशा दारांकडे तोंड करून बसलो. सांगलीचं दार आधी हिरवं होतं, मग पिवळट झालं, मग पुन्हा हिरवं. खालच्या पट्टीला स्ट्रेचरच्या चाकांनी पाडलेले पोचे होते. आत काय चालतं ते मला दिसायचं नाही, पण बाहेर येणाऱ्या सिस्टरच्या चालीवरून मुलगा झाला की मुलगी, हे मी आधीच सांगायचो. निम्म्या वेळा बरोबर यायचं. निम्म्या वेळा बरोबर येण्यासाठी कसलाच अभ्यास लागत नाही, हे आमच्या शेटे सिस्टरनी मला फार उशिरा सांगितलं.

माझं पद समाजसेवा अधीक्षक. सरकारी दवाखान्यात असं पद असतं हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना ते कशासाठी असतं हे माहीत नसतं. टेबलावरची पाटी वाचून एक मंडळ गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक घेऊन आलं होतं. एक गृहस्थ मला नगरसेवक समजून गटार तुंबल्याची तक्रार देऊन गेले. (ती मी फोन करून सोडवली. माझ्या नोकरीतलं सर्वांत झटपट झालेलं काम ते.) सरळ सांगायचं तर पोट डॉक्टर बघतात, नाडी सिस्टर बघतात, आणि पोटाच्या अवतीभवती जे असतं ते मी बघायचो. म्हणजे नवरा कुठं आहे, घरी करायला कोण आहे, बाई वॉर्डातून निघून का गेली, दीर रक्त द्यायला का तयार नाही, वगैरे.

माझं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक फौजी. थोरला भाऊ सुभेदार होऊन परत आला. गावात कुणी माझी चौकशी केली की तो मिशीवरून हात फिरवायचा. "आमी बर्फात उभं ऱ्हायलो, आन् आमचं बंधुराज बाळंतिनीच्या दारात."

"तितंबी पहाराच असतो की," मी म्हणायचो.

"मग हत्यार कंचं?"

"फॉर्म."

या हत्यारानं मी पहिला बार उडवला तो असा. नोकरीच्या सुरुवातीला मी कराडच्या बाजूला होतो. बिरू नावाचा मेंढपाळ आपल्या बायकोला घेऊन आला. ही आटपाडीकडची माणसं. पाऊस संपला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी ती मेंढरं रानात बसवून घेतात, म्हणजे रानाला लेंडीखत मिळतं. दोन-चार रात्री एका रानात काढल्या की कळप पुढच्या रानात. बाळंतपण झालं, मुलगी झाली, दोघी खुशाल. मी फॉर्म पुढे ओढला.

"पत्ता?"

"मेंढरं हाईत तितं."

"मेंढरं कुठं आहेत?"

"उंब्रजला. पाटलाच्या वावरात."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, मुक्काम पोस्ट उंब्रज, पाटलांचे वावर. दीड महिन्यानं पोरीला लस द्यायला नर्सबाई स्कूटीवरून उंब्रजला गेल्या. तिथं पाटील पुष्कळ निघाले आणि वावरं त्याहून जास्त. खरं वावर सापडलं तेव्हा त्यात हरभरा गुडघ्याला लागला होता. मालक म्हणाले, "त्ये व्हय? त्ये कवाच इस्लामपूरकडं सरकलं." इस्लामपूरला कळलं, कालच उठले. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात मेंढरांच्या गर्दीत बाईंची स्कूटी अडकली, तेव्हा लस झाली. परत आल्यावर त्यांनी लेंड्यांनी माखलेली चप्पल माझ्या टेबलासमोर काढली आणि म्हणाल्या, "साहेब, पुढच्या वेळी मेंढरांचा फोन नंबर घेत चला."

तेव्हापासून मी पत्ता विचारायचा सोडून "बाजार कुठला करता?" असं विचारू लागलो. मेंढरं कुठंही असोत, आठवड्याच्या बाजाराला माणूस सापडतो. या एका शोधावर मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो. फिरत्या लोकांचं आपल्याला कळतं, असा माझा लौकिक झाला. तो मीच केला होता.

तर असा हा लौकिक घेऊन मी सांगलीला आलो.

सांगलीच्या कडेला, नदीच्या अंगानं वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की तिथं घाटापलीकडून कातकरी कुटुंबं येतात आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. मधले सहा-सात महिने ती शहरात असतात, पण शहराला तसं वाटत नाही. भट्टीपासून आमचा दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर. तरी तिथल्या बायका भट्टीवरच बाळंत व्हायच्या. आम्ही त्याला अज्ञान म्हणायचो. मी तर ते भाषणात म्हणायचो.

माझ्या निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिली असताना वरून एक कागद आला. आदिवासी व स्थलांतरित मातांना त्यांच्या संस्कृतीशी सुसंगत अशी प्रसूतिसेवा द्यावी व राबवलेल्या उपक्रमाचे छायाचित्र जोडावे. प्रसूती विभागाच्या देशमाने मॅडमनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "संस्कृती म्हणजे तुमचं खातं."

"होऊन जाईल, मॅडम," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला प्रत्येक गाढवपणा या दोन शब्दांपासून सुरू झालेला आहे.

मी ठरवलं, डोहाळजेवण करायचं. भट्टीवरच्या पाच गरोदर बायका आणायच्या, हिरव्या साड्या, ओटी, पुरणपोळी. दवाखान्याच्या सभागृहात फुलांचा झोपाळा आणि थर्माकोलचा चंद्र. आता आमच्याकडे डोहाळजेवणात बाईच्या हातात फुलांचा धनुष्यबाण देऊन फोटो काढतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यात या आदिवासी. कातकरी बाईच्या हातात धनुष्यबाण दिला की आमचीही संस्कृती झाली आणि त्यांचीही, असा माझा हिशेब. मंडपवाल्यानं उत्साहाच्या भरात एक लाकडी पाळणाही पाठवून दिला, वर राघू-मैना लटकवलेला. मी म्हटलं, असू दे, फोटोत बरा दिसेल.

शेटे सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख. बाई माधवनगरच्या, वडील गिरणीत कामाला होते, त्यामुळे भोंगा झाल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही असा स्वभाव. त्यांनी सजावट पाहिली.

"साहेब, हे हवंय का म्हणून त्या बायकांना कुणी विचारलं?"

"सरप्राइज आहे, सिस्टर."

"बाळंतपणात सरप्राइज चांगलं नसतं, साहेब."

पाच जणी आल्या. त्यातल्या एकीसाठी मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं. तिचं नाव बारकी. वय वीस-एकवीस, नववा अर्ध्यावर आलेला, अंगात रक्त नाही. तपासणीत हिमोग्लोबिन सहा निघालं होतं, असायला पाहिजे त्याच्या जेमतेम निम्मं. पहिलं बाळंतपण भट्टीवर झालं होतं. तेव्हा खूप रक्त गेलं आणि मूल दुसऱ्या दिवशी गेलं. "बाकीच्या चौघी नाही आल्या तर मी समजून घेईन," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण ही दवाखान्यातच बाळंत झाली पाहिजे. ही भट्टीवर अडली तर हाताला लागायची नाही."

बारकीबरोबर तिच्या नवऱ्याची आजी होती, ठमा आजी. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, कपाळावर गोंदण. भट्टीवरची सगळी बाळंतपणं हिच्या हातची. आजीनं येऊ दिलं म्हणून बारकी आली होती.

बायका सतरंजीवर बसल्या. फोटोवाल्याचा पत्ता नव्हता. मी फोन कानाला लावून त्याच्यावर ओरडत होतो, "अरं गड्या, कुठं हाईस? माणसं ताटकळली इथं!" माणूस फोनवर असला की हातापायांना काहीतरी चाळा लागतो. माझा एक पाय पाळण्याच्या दांडीवर होता. पाळणा कुरकुरत मागंपुढं होत होता, वर राघू-मैना डुलत होत्या आणि खाली मी ओरडत होतो.

फोन ठेवून वळलो. पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या पायाकडे. बारकीनं दोन्ही हात पोटावर धरले होते.

ठमा आजी उठली. तिनं बारकीला दंडाला धरून उठवलं आणि दाराकडे चालू लागली. मागोमाग बाकीच्या चौघी.

"आवं आजी! जेवण तरी करून जावा की!"

आजी उंबऱ्यात थांबली. "तुला आई हाय का रं?"

"नाही. वारली."

"असती तर तिनं शिकवला असता," ती म्हणाली आणि गेली.

मी धनुष्यबाण हातात घेऊन उभा. पाळणा अजून हलत होता. शेटे सिस्टर आल्या आणि त्यांनी हात लावून तो थांबवला.

"रिकामा पाळणा हलवतात का, साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धाकटी बहीण तान्ही असताना, तिला पाळण्यातून उचलून अंघोळीला नेल्यावर मी एकदा रिकामा पाळणा झोकात हलवला होता. आईनं ओल्या हातानं पाठीत असा धपाटा घातला होता की पाच बोटं मोजता यावीत. रिकामा पाळणा हलवला की त्यात निजणाऱ्या लेकराला वाईट. हे कातकऱ्यांत आहे, आमच्यात आहे, शेटे सिस्टरांच्यात आहे, आणि तो मंडपवालाही हे मानत असणार. म्हणजे दुसऱ्यांची संस्कृती शोधायला मी थर्माकोलचा चंद्र आणला, आणि घरातली शहाणी गोष्ट विसरून बसलो. तेही कुणासमोर? जिचं पहिलं मूल गेलंय तिच्यासमोर.

मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी चष्मा काढला. "पंधरा दिवस आहेत, फार तर. तिला आणा. कसं आणता ते मला सांगू नका."

पहिल्या दिवशी मी भट्टीवर सफरचंदं घेऊन गेलो. आजी खोपीच्या दारात आडवी बसली. सफरचंदं भट्टीवरच्या पोरांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना घेऊन गेलो. सिस्टरना पाणी मिळालं, मला नाही. तिसऱ्या दिवशी एकटाच गेलो आणि म्हटलं, आज साहेबपणा करायचा नाही, त्यांच्यात बसायचं. समोर ओळीनं छान सपाट काहीतरी मांडलेलं दिसलं. बसलो.

त्या नुकत्या पाडलेल्या ओल्या विटा होत्या.

उठलो तेव्हा पाच-सहा विटांवर माझा ठसा उमटलेला, आणि विटांचा ठसा माझ्या पँटवर. बारकीचा नवरा सोमा, शांत पोरगा, लांबून बघत होता. तो आला, विटा पाहिल्या, मला पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, या आता भाजून पन कोनी घ्यायचा नाय."

भट्टीवर पहिल्यांदा हसू फुटलं ते तेव्हा. आत कुठंतरी बारकीही हसली, मला ऐकू आलं. आजी मात्र हसली नाही. म्हणाली, "मोडल्यास ना? आता पाड."

मी बाह्या सरसावल्या. चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरून हात फिरवून सपाट करायचा, साचा झटक्यात उपडा करायचा. सोमाचा हात यंत्रासारखा चालायचा. माझी पहिली वीट भाकरीसारखी पसरली, दुसरीला कोपरा नव्हता. आजी शेजारी येऊन उकिडवी बसली. माझी फजिती जवळून बघायला आली असं मला वाटलं.

"तू मला वळकला नाय," ती म्हणाली. "मी तुला वळकते."

"कुठं भेटलो आपण, आजी?"

"दोन सालामागं. हिला घेऊन आले व्हते. पोटात दुकत व्हतं, पन मोठ्या कळा नव्हत्या. तुझ्या मेजापाशी हुभी ऱ्हायले. तू वर बगला पन नाय. म्हनाला, कागदाची झेरॉक आन. मंग आमी झेरॉकवाल्याला हुडकत गेलो. त्याचं दुकान बंद. दुसरा म्हनं लाइट नाय. रस्त्याच्या कडंला ही बसली ती उठंना. सोमानं पाठीवर घेऊन भट्टीवर आनली."

मी साचा उपडा केला. आठवून बघितलं. आठवेना. हे सगळ्यात वाईट. "झेरॉक्स घेऊन या" हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणायचो, पंखा लावा म्हणावं तसं. कळा येणाऱ्या बाईकडे कागद नसले तरी तिला आधी आत घ्यायचं, हा तर नियमच होता. तो नियम सांगणारा तक्ता माझ्याच पाठीमागच्या भिंतीवर होता. ती भिंत मला दिसायची नाही आणि तो तक्ता तिला वाचता यायचा नाही. एवढ्यावर एक मूल गेलं. आणि बारकीचं मला कळलं, कारण तिची आजेसासू मला ओळखत होती. झेरॉक्सवाला शोधायला गेलेली आणखी किती माणसं परत आली नाहीत, ते मला कळायचा मार्ग नाही.

"आजी, चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं म्हनू नको. वीट उचल."

मी उचलली. ती वीट जरा बरी आली होती.

मग आजीनं आपलं सांगणं सांगितलं. त्याला अट म्हणत नाही मी, कारण तिचा आवाज मागण्याचा नव्हता, ठरलेलं सांगण्याचा होता. बारकी येईल. पण आजी आत येणार, दाराबाहेर बसणार नाही. बारकी त्या उंच लोखंडी खाटेवर उताणी पडून कळा देणार नाही. तिच्या पोटातलं खाली यायचंय, वर जायचं नाही. बाळंतपण झालं की शेकायला पाहिजे.

"आन् तू," आजी म्हणाली. "रिकामा हालवलास. आता भरून हालव. ती मोकळी होत नाय तवर थांबायचा नाय."

"भरून म्हणजे?"

आजीनं पक्क्या विटांच्या थप्पीतली एक वीट उचलून माझ्या मांडीवर ठेवली. आपल्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, तशातलाच प्रकार. आजीकडे वरवंटा नव्हता, विटा होत्या.

मी दवाखान्यात येऊन मॅडमना एकेक सांगितलं. आजी आत? "सोबतीला बाई ठेवायची सोय आहेच की. आपण ठेवत नाही, कारण आपल्याला गर्दी आवडत नाही." खाटेवर नाही? "जमिनीवर गादी टाका, धुतलेली चादर घाला. गुडघ्यावर बसून मला बघावं लागेल एवढंच. खाली यायचं मूल खाली येतंय, तर मी कशाला भांडू?" शेक? "शेगडी नाही. आत ऑक्सिजन आहे, सगळेच शेकून निघू. गरम पाण्याच्या पिशव्या." ही पिशवी आजीनं नंतर स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि "चालंल" म्हणाली. चौथं मी जरा चाचरत सांगितलं. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही पाळण्यात वीट घालून हलवणार?"

"हो."

"कितीही तास?"

"हो."

"साहेब, तुमच्या नोकरीत तुम्हाला जमेल असं काम पहिल्यांदाच निघालं बघा."

बारकी दाखल झाली. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, ओठांना जरा रंग आला. आठवड्यानं, सकाळी नऊच्या सुमाराला, कळा सुरू झाल्या. आजी पदर खोचून आत गेली. मी माझ्या खुर्चीवरचा पांढरा टर्किश टॉवेल काढला, वीट त्यात गुंडाळली, पाळण्यात निजवली आणि दोरी धरून त्या दारासमोर बसलो.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक पन्नाशी ओलांडलेला अधिकारी पाळणा हलवत बसला तर लोक काय करतात? पहिला तासभर काही नाही. मग एक मावशी थांबल्या. "किती दिवसांचं?" मी म्हणालो, "झोपलंय." त्यांनी कौतुकानं वाकून टॉवेल बाजूला केला. "अगं बया! वीट हाय!" त्यानंतर वॉर्डा-वॉर्डातून माणसं बघायला येऊ लागली. आमचा क्लार्क म्हणाला, "साहेब, रजा टाका थोडी." एकानं तर मला, बांधकाम खात्यातनं आलात का, असं विचारलं. दुपारी मोठे साहेब फेरीला आले. पाळणा पाहिला, वीट पाहिली, मला पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"सुसंगत सेवा, सर."

ते पुढच्या वॉर्डाकडे वळले. सरकारी नोकरीत बरोबर शब्द वापरला की कुणी मध्ये येत नाही.

सोमा भिंतीला टेकून बसला होता. आतून बारकीचा आवाज वाढायचा तेव्हा तो गुडघ्यात डोकं घालायचा. मी लघवीला गेलो तेवढा वेळ दोरी त्याच्या हातात दिली. परत आलो तर तो इतका जपून पाळणा हलवत होता, की जणू वीट उठून रडेल.

साडेतीनच्या सुमाराला आतून मूल रडलं. सोमा उभा राहिला. मी दोरी सोडणार, एवढ्यात दार उघडलं आणि शेटे सिस्टर पळत बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता रक्तपेढीकडे गेल्या. सिस्टर पळते म्हणजे काय, हे ओळखायला अभ्यास लागत नाही. दुसरी सिस्टर ट्रे घेऊन आत पळाली. दार बंद झालं. मूल रडत होतं, पण बारकीचा आवाज नव्हता.

"साहेब?" सोमा म्हणाला.

मला काही माहीत नव्हतं. मी पाळणा हलवत राहिलो. विटेनं काही होत नाही हे मला कळत होतं. जे काही होणार ते मॅडमच्या हातात, इंजेक्शनात आणि त्या पिशव्यांत होतं. पण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं आणि हे होतं, म्हणून मी सोडलं नाही. हलवता हलवता मला ते झेरॉक्सचं बंद दुकान दिसत होतं, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

अर्धा तास गेला असेल. दार उघडलं आणि आजी बाहेर आली. तिच्या पदराला रक्त होतं आणि चेहरा घामानं चमकत होता. तिनं खाली वाकून टॉवेलातली वीट बाहेर काढली आणि भिंतीशी ठेवली.

"ऱ्हाऊ दे आता. हात दुकतील तुझे."

"बारकी?"

"पानी मागते."

सोमा तिथंच खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, पण माझा हात सात तास एकाच चालीत चालल्यामुळे अजून मागंपुढं होत होता. त्यामुळे त्याला मी धीर देतोय की झोपवतोय हे त्याला कळलं नसावं.

आत काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. बारकी आजीच्या गळ्याला धरून उकिडवी बसली आणि मुलगी बिनबोभाट झाली. मग रक्त सुरू झालं. मॅडम आणि सिस्टर थांबवायच्या मागं, आणि बारकीचे डोळे मिटायला लागले. "आजी तिच्या उशाशी बसून तिला शिव्या देत होती. घाटापलीकडच्या असल्या शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. दर शिवीला पोरगी डोळे उघडायची. खालची बाजू मी सांभाळली, वरची तिनं. पुढच्या वेळी मला ती बाई पाहिजे."

मुलीला पाळण्यात निजवावं असं मी मोठ्या मनानं सुचवलं. आता तो रिकामा राहणार नव्हता, रंगवलेला होता, राघू-मैना होत्या. आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाळणा स्वतःच उचलून मंडपवाल्याकडे पाठवला. मुलगी झोळीत निजली.

वरच्या कागदाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. राबवलेला उपक्रम, या रकान्यात मी लिहिलं, "आजीला आत घेतले." कागद परत आला, छायाचित्र जोडलेले नाही. बारकीला फोटोचं विचारलं. तिनं मुलीवरून पदर ओढून घेतला. मी पुन्हा विचारलं नाही. शेवटी मी भिंतीशी ठेवलेल्या विटेचा फोटो काढून पाठवला. त्यावर काहीच उत्तर आलं नाही, म्हणजे मंजूर झाला असावा.

पावसाआधी, भट्ट्या विझायच्या सुमाराला, एका सकाळी मी टेबलाशी बसलो होतो. समोर नातेवाइकांची रांग होती. फाटकातून ठमा आजी आली. तिच्या खांद्याला रेललेली एक अनोळखी पोरगी होती, पोट खाली उतरलेलं, ओठ दाताखाली दाबलेला. आजी रांगेच्या कडेनं सरळ चालत आली. मी सवयीनं रजिस्टर उघडून, पेन घेऊन उभा राहिलो.

ती माझ्या टेबलापाशी थांबलीच नाही.

"आवं आजी, हिचं नाव तरी सांगा!"

आजीनं एका हातानं ते हिरवं दार ढकललं, पोरीला आत घेतलं आणि वळून न बघता म्हणाली,

"पोर झाल्यावर लिव."

मी पेनाला टोपण लावलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणालो, या, बसा.